मेल्यांत की जित्यांत

आमच्यात कुणाच्या अंगात आलं की तोंडावर पाणी मारायला पहिली पुढे होणारी मी. कल्याणला लॅबमध्ये रक्त तपासते, मशीन सांगेल तेवढंच खरं मानते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय... पण चार महिने झाले, डोक्यातून जात नाहीये.

आंबिवली स्टेशनपासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर आमचा वारल्यांचा पाडा आहे. धाकट्या बहिणीचं, सुमीचं लग्न होतं. आमच्याकडे लग्न भटजी नाही, धवलेरी लावते. वयस्कर बाई, तासन्‌तास एकाच संथ चालीत गाणी म्हणते. त्यात घरच्या माणसांना नावानिशी बोलावणं असतं – आधी मेलेल्यांना, मग जिवंतांना. ही नावं घरच्यांनी तिला आधी सांगून ठेवायची. ते काम माझ्या गळ्यात पडलं.

अडचण होती जान्याची. माझा मोठा भाऊ सात वर्षांपूर्वी दिवा स्टेशनकडे कामाला गेलेला, तो परत आलाच नाही. पोलीस, हॉस्पिटलं, सगळं पालथं घातलं. कुणी 'तो गेला असेल' म्हटलं की आई त्या माणसाशी बोलणंच टाकते. मला धवलेरीसमोर तोंड उघडवेना. मेल्यांत सांगू? जित्यांत सांगू? शेवटी त्याचं नाव मी गाळलंच. आईला कळू दिलं नाही. धवलेरी मुरबाडकडची, आमच्या घरचं तिला काही ठाऊक नव्हतं.

सकाळचे अकरा वाजलेले. मांडवात पोरं रील बनवत होती, नवरदेवाकडचे कळव्याचे पाहुणे चहावरून कटकट करत होते. धवलेरीने सूर लावला आणि दहा मिनिटांत सगळे गप्प. नवरदेवाचा काका, चांगला आडदांड माणूस, रुमालात तोंड खुपसून रडत होता. मीही रडले, लाज कसली त्यात.

मेलेल्यांची नावं चालू होती. आजा, आजी, आमचा बा... आणि मग अगदी स्पष्ट – जान्या. आईकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

जेवणं झाल्यावर मी धवलेरीला गाठलं आणि जरा तापूनच विचारलं, हे नाव कुणी सांगितलं म्हणून. ती गोंधळली.

"कोन जान्या? तू दिली तेवढीच नावं घेतली, बाय."

तिच्या मागे सूर धरणाऱ्या दोघीही तेच म्हणाल्या. सुमीनेही काही ऐकलं नव्हतं. म्हटलं, उन्हाने माझंच डोकं फिरलं असेल, विषय संपला.

संध्याकाळी सुमी सासरी गेली. भांडी आवरता आवरता आई हळूच म्हणाली, "जान्याचं नाव घेतलं ना गं तिनं?"

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मान हलवली.

"तुला कुठं ऐकू आलं? मेल्यांत का जित्यांत?"

"जित्यांत," मी म्हटलं.

आईने ते पातेलं उचलून पुसलं. मग म्हणाली, "मला पन."

न घेतलेलं नाव आम्हा दोघींनाच कसं ऐकू आलं, मला माहीत नाही. कुणाला कळत असेल तर सांगा... पण मला छळतंय ते वेगळंच. त्या दिवशी मी आईशी खोटं बोलले. आईही माझ्याशी खोटं बोलली का, हे विचारायची माझी अजून हिंमत होत नाही.