दक्षिण देशाची बाजू

मधुकरराव गोतमारे फौजेतून जनरल म्हणून निवृत्त झाले, मग परदेशांतल्या परिषदांमध्ये युद्धं कशी टाळावीत यावर बरीच वर्षं डोकं खपवून नागपूरला परतले, आणि इथल्या एका कॉलेजातल्या पोरांनी त्यांना पार जेरीस आणलं.

विषय होता आंतरराष्ट्रीय सुरक्षा. त्यात ते एक खेळ घेत. टेबलाच्या एका बाजूला उत्तर देश, दुसऱ्या बाजूला दक्षिण देश, मधे नदी आणि नदीवर उत्तरेचं धरण. भांडा आणि तोडगा काढा. देश काल्पनिक आहेत हे मधुकररावांनी घसा फोडून सांगितलं, पण उत्तर म्हणजे आपणच, हे पोरांनी पहिल्याच तासाला ठरवून टाकलं. मग दक्षिणेकडून बसणार कोण? चिठ्ठ्या टाकून कोणाला बसवलंच, तर तो लगेच शरण यायचा. साहिल तर खुर्चीवर नीट टेकायच्या आधीच म्हणाला, "सर, आमी हारलो." आणि वर्गानं टाळ्या पिटल्या! जन्मभरात असा सोयीचा शत्रू मधुकररावांना भेटला नव्हता. घरी येऊन ते बायकोपुढे धुसफुसत. प्रेमिलाबाई म्हणत, त्यापेक्षा पोरांना भरतीसाठी पळायला शिकवा, निदान घाम तरी गाळतील.

संस्थेच्या अध्यक्षांनाही तेच हवं होतं. या खेळाचं वार्षिक प्रात्यक्षिक बघू, नाही जमलं तर हा विषय बंद करून भरतीचा वर्ग काढू, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. मधुकररावांचा जीव टांगणीला लागला. समोरच्याला कशाची भीती वाटते हे समजून घेणारा एक जरी विद्यार्थी आपल्या हातून घडला, तरी पुष्कळ झालं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

प्रात्यक्षिकाला दक्षिणेकडून बसायला अपेक्षा आपणहून उठली. कामठीहून शेअर ऑटोनं येणारी, वर्गात फारसं न बोलणारी मुलगी. मधुकररावांनी तिला बजावलं, हरू नकोस, खरंच भांड.

ती भांडली. पहिल्या रांगेत संस्थेची सगळी मंडळी बसलेली असताना तिनं उत्तरेकडून बसलेल्या साहिलला सरळ विचारलं, "पाणी सोडायच्या आधी तुमी आमाले सांगत नाही. आमची गावं बुडतात. मंग तुमच्यावर भरोसा काहून ठेवायचा?"

साहिल समोरचे कागद उलटेपालटे करू लागला. उत्तरेकडची बाकीची पोरं एकमेकांना कोपरानं ढोसू लागली. अध्यक्षांच्या कपाळावर आठ्या. खरं तर मधुकररावांना आनंद व्हायला हवा होता, पण आला तो राग. उत्तर हरतेय हे त्यांना बघवेना. ते उठले आणि परेडवरच्या आवाजात म्हणाले, "खाली बस. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न असला की असे जाब विचारायचे नसतात."

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी तिथल्या तिथे विषय चालू राहील म्हणून जाहीर केलं, वर पुढच्या वर्षी जागाही वाढवू म्हणाले. शाल आली, श्रीफळ आलं. मधुकरराव मान खाली घालून ते घेत राहिले.

गर्दी पांगल्यावर त्यांनी अपेक्षाला गाठलं. तू उत्तम बोललीस, चुकलो मीच, पुढच्या वेळीही दक्षिणेकडून तूच बस, असं ते एका दमात बोलून गेले. तिनं बॅग खांद्याला लावली.

"नाही सर," ती म्हणाली. "आता मले उत्तर देशच द्या."