लग्न नसलेली पत्रिका

मी यवतमाळच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. एकदा दुपारी स्टाफरूममध्ये बसले असताना मुकुटबनच्या माझ्या थोरल्या भावाकडून व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. आमच्या घरात तर कुणाचंच लग्न ठरलं नव्हतं. नीट पाहिलं, तर ती पत्रिका नव्हतीच, मोबाइलवर टाकायचं ॲप होतं.

मी ते इन्स्टॉल केलं नाही. लॅपटॉपवर घेतलं आणि झिप फाइल उघडतात तसं नुसतं उघडून पाहिलं. आत गणपतीचं एक चित्र होतं. मुलगा, मुलगी, मुहूर्त, काही नाही. मग त्या ॲपनं मागितलेल्या परवानग्या वाचल्या. मोबाइलवर येणारा प्रत्येक मेसेज, अगदी बँकेचा ओटीपीसुद्धा, ते ॲप वाचणार होतं.

लगेच फोन लावला.

"दादा, हे तू पाठवलं?"

"मी काहून पाठवू? मलेच सकाळी एका पाहुण्याकडून आलती. दाबली, पण उघडलीच नाही."

"आधी मोबाइल बंद कर!"

"करतो. पण लोकाईचे फोन येऊन राह्यले, कोणाचं लग्न म्हणून."

त्यानं दाबल्याबरोबर ॲपनंच ती त्याच्या नावानं साऱ्या गणगोताला पाठवली होती. मी एकेकाला फोन करत सुटले. बहुतेकांनी उचललाच नाही. नेरच्या आत्यानं उचलला.

"आत्या, दादाची पत्रिका उघडू नको."

"उघडूनच नाही राह्यली ना बाई! केव्हाची दाबून राह्यली मी."

मी तिलाही मोबाइल बंद करायला सांगणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकली आता. कोणाले तरी उघडन."