शारजाची सायली युटाला का चाललीय?

मंडळी, आज सायलीला अमेरिकेचा व्हिसा मिळाला! शारजात वाढलेली आमची लेक शिकायला युटाला चाललीय. तिथे बरेच लोक मॉर्मन पंथाचे, म्हणजे दारू न पिणारे, देव आणि कुटुंब मानणारे ख्रिस्ती. नातेवाईक घाबरवत होते, "परक्या धर्माच्या लोकांत एकटी कशी राहणार?"

मुलाखतीत ऑफिसरनंही विचारलं, "युटाच का?"

बाहेर येऊन तिनं मला आपलं उत्तर सांगितलं. "मी म्हटलं, सर, मी शारजाची. आमच्याकडे दारू मिळत नाही, रमजानात शेजारच्या खाला आम्हाला इफ्तारचं ताट पाठवतात. त्यांचा धर्म माझा नाही, पण अशी देवाला मानणारी, घर जपणारी माणसं मला आवडतात."

हे आम्ही पढवलं नव्हतं. पार्किंगमध्येच मी तिला घट्ट मिठी मारली.

"मम्मी, यल्ला, चल ना, लोक बघतायत!"

बघू देत! तुमच्या मुलांना इथल्या शेजाऱ्यांनी काय दिलं, सांगाल?