गिअरच्या दात्याचं गोत

महाळुंग्याच्या कारखान्यात मी अकरा वर्षं गिअर तपासत होते. लाइन लीडरची जागा निघाली तेव्हा अट आली, मुलाखत इंग्रजीत द्यायची. काम मला येत होतं आणि जागा हवीच होती. इंग्रजी शब्द मात्र डोक्यात टिकत नव्हते.

शाळेत संस्कृत चांगलं होतं. लेकीच्या कॉलेजच्या पुस्तकात वाचलं, की इंग्रजी, लॅटिन आणि संस्कृत एकाच घरातल्या. मग मी शब्द नात्यानंच पाठ करायला घेतले.

सासूबाई चिखलीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. नवा माणूस दिसला, की गाव, भावकी, आजोळ विचारून नातं काढल्याशिवाय त्या चहा पुढे करत नाहीत. गवार मोडता मोडता त्यांनी माझ्या शब्दांचीही चौकशी सुरू केली.

"डोअर कुणातला?"

"आपलं द्वार, आई."

"ब्येस. न्यू?"

"नव. लॅटिनमध्ये नोवुस."

"म्हंजे आपल्यातलाच. आन् डे म्हंजे दिवस, व्हय ना?"

"नाही. त्यांचं नातं नाही म्हणे."

"तोंडवळा तर सारखा हाय." त्यांनी शेंगेची शीर ओढली. "असंल बाई. आपल्या आळीतबी दोन घरांचं आडनाव एक, पर भावकी न्हाई."

'टूथ'वर मात्र गाडी अडली. संस्कृत दंत, लॅटिन डेन्स, त्यावरून इंग्रजीत डेंटल, आणि टूथ त्यांचा चुलत भाऊ.

"ह्यो? ना नाक, ना तोंड. ह्यो न्हाई त्यांच्यातला!"

अर्धा तास वाद घालून मी टूथ वहीतून खोडला. स्वयंपाक व्हायचा होता.

मुलाखतीत साहेबांनी नेमका गिअरच हातात दिला आणि काय बिघडलंय ते विचारलं. एक दाता तुटला होता, दारातूनही दिसला असता. पण टूथ आठवेना. द्वार आठवलं, नव आठवलं. शेवटी दंताला हाक मारली.

"सर, धिस गिअर हॅज अ डेंटल प्रॉब्लेम."

साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "सो? व्हॉट विल यू डू?"

"नो फिलिंग, सर. स्क्रॅप."

जागा मिळाली. घरी सगळं सांगितलं, तर सासूबाईंना कशाचंच नवल वाटलं नाही.

"बघ, अडचणीला सख्खाच आला. त्यो चुलत कुठं हुता?"