गुरुवारची फियाट

महिपती ओव्हाळ आमच्या शेजारी राहतात. सगळी आळी त्यांना आबा म्हणते, म्हणून मीही म्हणते. आबा रेल्वेत फाटकवाले होते. मळवली आणि कामशेतच्या मधल्या एका फाटकावर त्यांचा उभा जन्म गेला, आणि त्या जन्मात त्यांनी काय केलं, तर लोकांच्या गाड्या थांबवल्या. फाटक पडलं की गाड्या थांबायच्या आणि गाड्या थांबल्या की माणसांची तोंडं सुटायची.

"आईबहिनीवरनं शिव्या द्यायचे गं," आबा सांगतात. "जशी काय आगगाडी माज्या घरची."

त्यावर आबांनी आपल्यापुरता उपाय शोधला. माणसांकडे बघायचंच नाही. बघायचं ते गाडीकडे. पुढची जाळी, दिव्यांच्या कडा, बंपरला कुठे पोचा आलाय, चाकांच्या टोप्या जागेवर आहेत की गेल्या. असं बघता बघता त्यांना गाड्यांचा नाद लागला. फाटकावर थांबणारी प्रत्येक फियाट, प्रत्येक अँबॅसिडर त्यांना पाठ झाली. काचेआड कोण बसायचं ते विचारलं, तर मात्र आजही सांगता येणार नाही.

निवृत्त झाल्यावर आकाशने, म्हणजे त्यांच्या मुलाने, स्वतःचा जुना मोबाइल त्यांना दिला आणि आबा जुन्या गाड्यांचे फोटो काढत हिंडू लागले. लोणावळ्यात चिक्कीची खोकी वाहणारी एक मेटॅडोर, कामशेतच्या डॉक्टरांची मारुती, एका बंगल्याच्या माळ्याने अजून चालती ठेवलेली अँबॅसिडर. आबांचे नियम दोनच. गाडी रस्त्यावर चालती पाहिजे, आणि फोटोसाठी तिला कधी थांबवायचं नाही. "लय थांबवल्या," म्हणायचे. "आता जाऊ द्यायाच्या." एकदा लोणावळ्याच्या एका हॉटेलात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन लागलं होतं, तिथे मी त्यांना मुद्दाम घेऊन गेले. घासूनपुसून लखलखीत गाड्या, पुढे दोरी लावलेली. आबा एक चक्कर मारून बाहेर येऊन बसले. "ह्या काय गाड्या हायेत व्हय? ह्या पाव्हण्या हायेत," म्हणाले, आणि तिकिटाच्या पैशांसाठी माझा जीव तुटला.

खरं सांगायचं तर मला ह्या नादाचा वैताग यायचा. मी वडगावला कोर्टाबाहेर टायपिंग करते. लोकांची भाऊबंदकी दिवसभर बडवून संध्याकाळी घरी यावं, तर आबा ओट्यावर मोबाइल घेऊन तयार. "माधवी, ही बघ." बघायचं काय? अर्धं बॉनेट, एक चाक, बाकी धूळ. त्यांचा हात हलायचा, मोबाइल सुस्त, आणि गाडी तर थांबवायची नाही. शकुबाई, आबांची बायको, आतूनच म्हणायची, "ह्यांना घरात करमत न्हाई आन् भाईर झेपत न्हाई." तेही खरंच होतं. आबा थकले होते. लोकलच्या पायऱ्या चढताना धाप लागायची, उन्हात उभं राहून पोटऱ्या भरून यायच्या, आणि गाड्याही कमी कमी होत चालल्या होत्या. कुठली मोडीत गेली, कुठल्या गाडीचा मालक गेला. दिवसभर उभं राहून एकही न दिसता परत येणं हल्ली नेहमीचंच झालं होतं.

अशात त्यांना ती फियाट दिसली. सायीच्या रंगाची, दारावर गंजाचे दोन डाग, पण आवाज एकसारखा. दर गुरुवारी सकाळी ती जुन्या हायवेने वडगाववरून शिरगावच्या साईबाबांच्या देवळाकडे जायची. पावसात जायची, धुक्यात जायची. आबांच्या मते आख्ख्या मावळात नेमाने रस्त्यावर येणारी ती शेवटची फियाट होती. त्यांना तिचा एक नीट फोटो हवा होता. समोरून, दोन्ही दिवे आणि जाळी स्वच्छ दिसेल असा. "येक झाला की मी घरी बसंन," म्हणाले. "मलाबी झेपंना आता."

मग प्रत्येक गुरुवारी आबा माझ्याच लोकलने वडगावला येऊ लागले. फाट्याच्या पुढे रस्त्याच्या कडेला एक करंजाचं झाड आहे. सावली बरी म्हणून कधीमधी वाहतूक पोलीसही तिथेच उभे राहतात. आबांशी त्यांची ओळख झाली, चहाही व्हायचा. आबांचा वेष ठरलेला. पूर्वी पौर्णिमेला विहारात जाताना पांढरा शर्ट घालायचे, निवृत्तीनंतर रोजच पांढरा घालायला लागले. खाली रेल्वेच्या खाकी पँटी, कारण त्या फाटत नाहीत. असे ते झाडाखाली उभे राहायचे आणि फियाट दिसली की दोन पावलं पुढे होऊन मोबाइल धरायचे.

फोटो काही जमेना. कधी नुसती काच यायची, दिवे कापले जायचे. एकदा मध्ये टेम्पो आला. एकदा काचेवर ऊन चमकलं. एकदा तर फियाट एकदम वेगाने गेली आणि नुसती मागची डिकी आली. आबा कष्टी व्हायचे. "आजकाल लय पळवतोय त्यो," म्हणायचे. मी सांगितलं, आबा, सरळ हात करा, थांबवा, बोला त्या माणसाशी, तो आनंदाने उभा राहील. आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चोरीच करायला सांगितली होती. हट्टी माणूस. हात करून थांबवलं असतं तर बरं झालं असतं, असं आज हजारदा मनात येतं.

आणि मग एका गुरुवारी फोटो जमला. आबा धापा टाकत कोर्टापाशी माझ्या टेबलावर आले आणि एका पक्षकाराच्या कागदांवरच मोबाइल ठेवला. खरोखर सुंदर आला होता. दोन्ही दिवे, जाळी, ओल्या डांबरावर पडलेली सावली. फियाट अगदी हळू झाली होती, म्हणून जमला.

"आन् ह्ये बघ," आबा म्हणाले. चालवणाऱ्या म्हाताऱ्याने स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलून नमस्कार केला होता. "वळखलं त्यानं मला. इतक्या गुरुवारांनी वळखलं. मीबी हात वर केला."

फाटकवाल्याला जन्मात कुणी नमस्कार केला नव्हता. आबांचे डोळे भरून आले होते आणि खोटं कशाला बोलू, मलाही छान वाटलं. मी तो फोटो माझ्या मोबाइलवर घेतला, स्टेटसला ठेवला. किती लोकांनी अंगठ्याची खूण पाठवली.

घरी बसेन म्हणाले होते, पण पुढच्या गुरुवारी आबा पुन्हा लोकलला हजर. आता फोटो नको होता, ओळख झाली होती ना, नमस्कार घ्यायला आले होते. फियाट आली नाही. त्याच्या पुढच्याही गुरुवारी आली नाही. आबांचं जेवण कमी झालं. म्हातारं माणूस, काय झालं असेल, असं घोकत राहिले. शेवटी फाट्यावरच्या पानवाल्याकडून कळलं की ती फियाट साते गावच्या रखमाजी शेलारांची. आबा मला म्हणाले, "तू चल. मला येकट्याला भ्या वाटतंय." दुपारच्या सुट्टीत मी कुरकुर करतच निघाले. मनात होतं, मयताच्या घरी तर जात नाही ना आपण?

सात्याला शेलारांचं घर लगेच सापडलं. अंगणात काळ्या तेलाचा डाग होता, त्याच्या बाजूला कापलेल्या पत्र्याचे बारीक तुकडे. ओट्यावर एक मावशी पाय लांब करून बसली होती, आणि बसली होती ती फियाटच्या पुढच्या सीटवर. ती सीट तेवढी भिंतीला लावून ठेवली होती. दारातून रखमाजी बाहेर आले. आबांना बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पुन्हा दोन्ही हात जोडले.

"सायेब, दिली गाडी मोडीत. हितंच कापून नेली. आता आनि काय ऱ्हायलंय?"

मला क्षणभर काही उमगेना. आबांना तर काहीच उमगत नव्हतं, ते मागे वळून बघायला लागले, कोण साहेब आलाय म्हणून. मग मी आबांच्या पांढऱ्या शर्टाकडे बघितलं, खाकी पँटीकडे बघितलं, हातातल्या मोबाइलकडे बघितलं.

"भाऊ," मी म्हटलं, "हे पोलीस नाहीत. रेल्वेतून निवृत्त झालेत. ह्यांना जुन्या गाड्यांचे फोटो काढायचा नाद आहे."

 रखमाजी हळूहळू सांगू लागले. दर गुरुवारी पोलीस झाडाखाली उभा राहून फोटो काढतो म्हणजे दर गुरुवारी दंड लागतोय, असं त्यांनी धरलं होतं. दंडाचा मेसेज येतो म्हणतात, पण गाडीच्या कागदांवरचा मोबाइल नंबर पोराचा, आणि पोरगा नाशिकला. त्याला विचारायची भीती, तो आधीच म्हणायचा, जुन्या गाड्या सरकार उचलून नेतंय. एकदा जोरात पळवून बघितली. लीलाबाईंचे, म्हणजे ओट्यावर बसलेल्या त्यांच्या बायकोचे, गुडघे गेलेले, त्यांना एसटी चढता येत नाही, रिक्षात पाय दुमडत नाही, म्हणून शिरगाव सोडायचं तर नव्हतं. शेवटी एका गुरुवारी गाडी हळू करून हात जोडले, की साहेब, आता पुरे करा.

"तर तुमी हात वर केलात," रखमाजी म्हणाले. "असा. मला वाटलं, बंद कर म्हंताय. म्हनलं, जप्त व्हन्यापरीस आपनच दिल्याली बरी."

 आबा ओट्याच्या कडेला बसले आणि मोबाइलवर ते जुने फोटो एकेक करून बघू लागले. मीही वाकून बघत होते. ते फोटो मी आधी कितीदा पाहिले होते, पण गाडी म्हणून. पहिल्या फोटोत रखमाजी मान वळवून बायकोशी काहीतरी बोलत होते आणि ती हसत होती. दुसऱ्यात दोघंही हसत नव्हती, समोर बघत होती. त्याच्या पुढच्या फोटोत लीलाबाईंनी छातीवरून एक काळी पट्टी तिरकी धरली होती.

"पट्टा," लीलाबाई सीटवरून म्हणाल्या. "गाडीला पट्टं नव्हतं न्हवं. मला वाटलं, त्यासाठीच दंड करत्यात. म्हनून बॅगंचा बंद धरला."

पुढच्या फोटोत दोघांनीही बंद धरले होते. त्याच्या पुढच्यात रखमाजींनी टोपी डोळ्यांवर ओढली होती. शेवटी तो चांगला फोटो, जोडलेल्या हातांचा. मोबाइलवर दोन बोटं फिरवून मी तो मोठा केला. हसरा नमस्कार नव्हताच तो. माणूस कळवळून बघत होता. मी हाच फोटो स्टेटसला ठेवला होता. मला तिथेच रडू फुटलं आणि मी पदराने डोळे पुसले.

"मी गाडीच बघत व्हतो वो," आबा म्हणाले.  "आईशप्पत नुसती गाडी बघत व्हतो."

रखमाजींना मात्र अजून दुसरीच काळजी होती. ते पुढे सरकले. "म्हंजी दंड न्हाई?"

"न्हाई."

"येकबी न्हाई?"

"येकबी न्हाई, भाऊ."

रखमाजी आबांच्या शेजारी बसले आणि हसायला लागले. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं होतं, माणूस पोटभर हसत होता, आबांच्या मांडीवर थापा मारत होता. "आवं, रातीची झोप न्हवती मला! पोराला घर इकावं लागंल म्हनून...!" हसता हसता त्यांनी लीलाबाईंकडे बघितलं. त्या हसत नव्हत्या. त्यांनी आबांच्या हातातून मोबाइल घेतला, तो चांगला फोटो जवळ धरून बघितला, आणि मग कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या,

"चालती व्हती की वो चांगली."