रुसलेली ऊब

आमच्या मसाका गावाकडे कुणाच्या घरी क्वांजुला असला, म्हणजे नवऱ्यामुलाची माणसं मुलीकडे रीतसर ओळख द्यायला यायची असली, की रांधायला नाबुकेन्याला सांगायचं, हा वीस वर्षांचा शिरस्ता आहे. मी एकतीस वर्षं कॉफीच्या गोदामात नोकरी केली, दाण्यांचं तापमान रोज दोनदा लिहिलं. उष्णता कशी वागते हे मात्र मला या बाईच्या चुलीपाशी कळलं.

हंड्याच्या तळाशी ती थोडं पाणी घालते आणि त्यावर केळीच्या पानांचे दांडे आडवेउभे रचते. सोललेली कच्ची केळी हिरव्या पानांत बांधून त्या दांड्यांवर ठेवते. पाणी केळ्यांना शिवत नाही. वाफ वर जाते, गार गाठोड्याला भिडून तिचं पुन्हा पाणी होतं आणि तिची ऊब गाठोड्यात राहते. मऊ झालेली केळी ती पानांसकट दाबते आणि पुन्हा मंद वाफेवर मुरवते. या मुरवण्याला बोबेझा म्हणतात. बोबेझा न झालेलं मटोके, म्हणजे हे वाफवलेल्या केळ्यांचं जेवण, तिने आजवर कुणाला वाढलेलं नाही.

नांतुमेच्या क्वांजुलाला मात्र तिला बोलावणंच जाणार नव्हतं. मुलीची सेंगा, म्हणजे आत्या, नाकिमेरा कंपालाहून आली होती आणि लग्नकार्यात सेंगाचा शब्द बापाच्याही वर. तिला शहरातले आचारी हवे होते, चकचकीत स्टीलची भांडी हवी होती. नांतुमे हटून बसली म्हणून नाबुकेन्या आली. सेंगाने तिला आधीच बजावलं, की जेवण गार निघालं तर मसाकात तुला पुन्हा कुणी चुलीपाशी उभं करणार नाही.

जेवण तीनला होतं. अडीचला फोन आला. दलदलीच्या रस्त्यावर ट्रक आडवा झाला होता, पाहुणे साडेसहाच्या आत येत नव्हते. मटोके तयार होतं. चार तास वाफेवर ठेवलं तर त्याचा चिखल होणार, उतरवून ठेवलं तर दगड.

सेंगा म्हणाली, आता तरी स्टीलमध्ये काढ. नाबुकेन्याने मान हलवली. स्टील आतली ऊब घेतं आणि वाऱ्याला देऊन टाकतं, एवढंच ती बोलली. घराच्या आडोशाला तिने हातभर खोल खड्डा खणवला, त्यात केळीची वाळकी पानं जाड अंथरली. ओलसर पान हाताला लागलं की ती फेकून देई. गाठोडी न सोडता एकमेकांना चिकटवून ठेवली, वर पुन्हा वाळकी पानं, चटया आणि घोंगड्या.

"सेंगा, ऊब म्हणजे नवऱ्यावर रुसलेली बाई. वाट दिसली की माहेरी पळते. वाळक्या पानांत हवा कोंडून राहते, मग तिला वाट सापडत नाही."

"तू पळालीस तशी?" सेंगाने टोमणा मारला. नाबुकेन्या नवऱ्याला सोडून आली, हे गावाला ठाऊक होतं.

"मला वाट शोधावी लागली नाही. दार त्यानेच उघडं टाकलं होतं."

बायका तोंडावर हात धरून हसल्या. सेंगाही हसली, पण तिचा जीव खड्ड्यात अडकला होता. पाचला कुणाचं लक्ष नाही असं पाहून तिने घोंगडी उचलली आणि एक गाठोडं सोडून बोट घातलं. नाबुकेन्या धावत आली. तिने ते गाठोडं बाजूला काढलं आणि खड्डा पुन्हा झाकला.

"बोट घातल्याने ऊब वाढत नाही, सेंगा," ती मग म्हणाली. "जाते तेवढी."

पाहुणे आले, दोन्हीकडच्या बोलक्या म्हाताऱ्यांची थट्टामस्करी झाली आणि साडेसातला खड्डा उघडला. मी गोदामातला थर्मामीटर एका गाठोड्यात खुपसला. पारा एकाहत्तरावर थांबला. पानं उलगडली तशी वाफ उठली. नवऱ्याकडचा म्हातारा पहिला घास घ्यायला गेला आणि बोटं झटकून फुंकू लागला.

"पोरीचे हात तपासायला आलो होतो," तो म्हणाला, "तुम्ही आमचेच भाजलेत."

मांडवभर हशा पिकला. हात धुतल्यावर सेंगा मागच्या अंगणात आली. डिसेंबरात आपल्या मुलीचा क्वांजुला आहे, कंपालाला येशील का, असं तिने विचारलं.

"येईन," नाबुकेन्या म्हणाली. "पण तुमचे हात आधी पाठीशी बांधीन."