नऊ रात्रींचा नकाशा

येर्लीन रेंतेरियाचा भुतांवर विश्वास नव्हता. आत्रातो नदीकाठच्या आमच्या गावात हे बोलून दाखवायलाही छाती लागते. तिचा विश्वास आकड्यांवर. आरोग्य कचेरीत संगणकासमोर बसून ती तापाच्या साथीचा माग काढायची, आज कुठे किती आजारी आणि उद्या कुठे किती होतील. मालाच्या बोटींबरोबर साथ नदीने खाली सरकेल, असा तिचा अंदाज होता. बाजाराच्या गावांना तिने आधीच सावध करून ठेवलं होतं.

साथीने तिला तोंडघशी पाडलं. बाजाराची गावं शाबूत राहिली आणि वरच्या अंगाला, जिथे बोट क्वचितच फिरकते अशा चार झोपड्यांच्या वस्त्यांत माणसं पटापट मरू लागली.

"काय हो बाई, तुमच्या यंत्रात नदी उलटी वाहते वाटतं?" कचेरीतले डॉक्टर मेना म्हणाले.

ती चिडून पुन्हा नकाशासमोर बसली. तापाच्या ठिपक्यांवर तिने मृत्यूच्या तारखा घालून पाहिल्या. एका वस्तीत मरण, की दोनेक आठवड्यांनी दुसरीत ताप. दुसरीत मरण, की तिसरीत. मग तिने वस्त्यांची नावं ओळीने वाचली. यातल्या प्रत्येक ठिकाणी जाणाऱ्या आईची पिशवी तिनेच भरून दिली होती.

तिची आई दियोसेलीना मयताची गाणी म्हणायची. आमच्याकडे माणूस गेला की नऊ रात्री त्याच्या घरी गाणी चालतात. लांबलांबचे सोयरे येतात, एका खोलीत दाटीवाटीने बसून घसा फोडून गातात. नवव्या रात्री मयतासाठी मांडलेली वेदी मोडायची, दिवे विझवायचे, मग आत्मा निघतो. ते राहिलं तर मेलेला माणूस घरातच घुटमळतो. दियोसेलीना आणि तिच्या जोडीदारणी त्यासाठी होडीतून गावोगाव जात. त्यांतल्या दोघी तापाने पडल्या होत्या, एक गेलीच. दियोसेलीनाला मात्र साधी शिंकही आली नव्हती.

आणि आजच ती ताग्वाल वस्तीला, तिथे वारलेल्या एउस्ताकियोच्या नऊ रात्रींसाठी निघाली होती. येर्लीन धावत धक्क्यावर पोचली तेव्हा आई होडीत बसून उरलेल्या बायकांशी हसत होती.

"मा, उतर खाली."

"का गं? कोण मेलं?"

"मेलंय म्हणूनच चाललीस ना? उतर. साथ तुमच्या गाण्यांबरोबर फिरतेय."

"तुझा तो डबा म्हणतो होय? नदीचं सांगताना तोंडावर आपटला, आता गाण्यांना नावं ठेवतो मेला!"

येर्लीनने वाद घातला नाही. एकेका वस्तीचं नाव घेत गेली. आईचं हसू मावळलं. शेवटी होडीची कड धरून ती उठली.

"पण मग एउस्ताकियोला कोण पाठवणार?" ती हळू आवाजात म्हणाली. "बिचारा तिथेच बसून राहील की गं."

"राहू दे, मा."

येर्लीनच्या सांगण्यावरून कचेरीने नऊ रात्री बंद केल्या. तिच्या नकाशात पुढचा ठिपका ताग्वालचा होता, पण तिथे कुणाला ताप आला नाही. "परत चुकलात!" डॉक्टर मेना खूश होऊन म्हणाले. येर्लीनने तो ठिपका पुसून टाकला.

साथ ओसरली, पण गाव भरल्यासारखं झालं. न पाठवलेल्या माणसांच्या ओट्यांवरच्या खुर्च्यांवर कुणी बसेना. लोक येर्लीनकडे बघून रस्ता बदलत, आमची माणसं हिने अडकवली म्हणत. संध्याकाळी त्या ओट्यांवरून जाताना ती मान वळवायची नाही. एकदा रिकाम्या ओट्याकडे बघून तिच्या तोंडून "येते हं" निघून गेलं आणि ती स्वतःलाच घाबरली.

एका दुपारी मासे साफ करता करता आईने विचारलं, "आमच्या होडीनं किती जण नेले गं?"

येर्लीनला आकडा पाठ होता. नावंही.

"तसा आकडा काढता येत नाही, मा."

"असं होय," आई म्हणाली आणि खवले काढत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून दियोसेलीना दुपारी खोलीचं दार लावून एकटीच गाऊ लागली. एका माणसासाठी नऊ दिवस, मग पुढचा माणूस. गाण्यात ती प्रत्येकाचं नाव घ्यायची. येर्लीन दाराबाहेर उभी राहून ऐकायची. वर्ष उलटून गेल्यावर एकदाचा तो आवाज थांबला. येर्लीनने कुणालाच न सांगितलेल्या त्या नावांपैकी एकही आईकडून सुटलं नव्हतं.